दुसऱ्याचं कार्ड आपल्या हातून वापरलं गेलं तर

लग्नसराईत चाटी गल्लीतल्या दुकानात गल्ल्यावर काय गोंधळ असतो, ते सोलापूरकराला सांगायला नको. तीन घरचे बस्ते एकदम बांधून होतात. नवरीकडचे, नवऱ्याकडचे आणि नुसतेच मत द्यायला आलेले, सगळे एकाच वेळी बोलतात, आणि गल्ल्यावरचा पोरगा एका हातानं पिशव्या मोजत दुसऱ्या हातानं मशीन पुढं करतो. भाचीच्या बस्त्याचं बिल मी पिन टाकून भरलं, कार्ड परत घेतलं, पर्समध्ये टाकलं. परत मिळालेलं कार्ड माझं नव्हतं.

बँक तीच, निळा रंग तोच आणि दोन्हींवर नाव नाही. खातं उघडल्यावर पाकिटातून हातोहात देतात ते बिननावाचं कार्ड. माझं कार्ड कुणा अनोळखी बाईच्या पिशवीत गेलं, तिचं माझ्याकडं आलं.

तो शनिवार होता. त्याच संध्याकाळी पंपावर ५०० चं पेट्रोल, रविवारी मेडिकलमध्ये १,२४० आणि किराण्याचे २,८६०. एकूण ४,६०० रुपये, सगळे नुसतं कार्ड मशीनला टेकवून. ५,००० रुपयांपर्यंत टेकवून पैसे भरताना पिन विचारला जात नाही. ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासूनची, त्याआधी ती २,००० होती. सोमवारी सकाळी एटीएममध्ये पिन चुकीचा आला. परत टाकला, परत चुकीचा. तेव्हा कुठं कार्डाचे शेवटचे चार आकडे वाचले.

मी अक्कलकोट रोडवर एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवते आणि स्वतःच्या कार्डाचे चार आकडे मला पाठ नव्हते. पुढचे दहा दिवस जे केलं आणि जे करायला हवं होतं, ते क्रमानं लिहिते.

आधी घड्याळ बघा

चूक कळल्याची वेळ कागदावर लिहा. मी एटीएमच्याच पावतीमागं लिहिली: सोमवार, ९.२०. याला एवढं महत्त्व का, ते कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःकडं ठेवण्याबद्दल आहे. त्याखाली उदाहरण दिलंय ते असं: ‘अ’नं ‘ज्ञ’ची वस्तू स्वतःचीच आहे असं प्रामाणिकपणे समजून उचलली, तर ती चोरी नाही. पण चूक लक्षात आल्यावरही ती अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगाला लावली, तर तो गुन्हा. शिक्षा किमान सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड.

म्हणजे शनिवार-रविवारची तीन बिलं एका बाजूला आणि सोमवारी ९.२० नंतर मी काय केलं ते दुसऱ्या बाजूला. खरी तपासणी व्हायची ती या दुसऱ्या बाजूची.

म्हणून कळल्यानंतर त्या कार्डावर एक रुपयाही नको. ‘बघू तरी चालतंय का’ म्हणून टेकवणं नको. तिसऱ्यांदा पिन टाकणं तर मुळीच नको. बहुतेक बँकांत तीन वेळा पिन चुकला की कार्ड ब्लॉक होतं, आणि नोंद राहते ती ‘पैसे काढायचा तीनदा प्रयत्न’ अशी. ती वाचणाऱ्याला तुमचा गोंधळ दिसत नाही. माझे दोन प्रयत्नसुद्धा पुढं विचारले गेलेच.

आणि कार्ड टाकून देऊ नका. आमच्या दिरांनी पहिला सल्ला तोच दिला, “नाल्यात टाका वहिनी, कशाला घाबरायलाय? कुणाला कळतंय?” कळतं. मेडिकलच्या बिलावर माझा मोबाइल नंबर होता, पंपावर गाडीचा नंबर कॅमेऱ्यात होता. कार्ड नाल्यात गेलं असतं तर सगळ्यात भक्कम पुरावा तोच झाला असता, माझ्याविरुद्धचा.

दोन्ही कार्डं बंद

घाईत माणूस हातातल्या कार्डाचाच विचार करतो. आपलं कार्ड दुसऱ्या कुणाकडं आहे आणि तेही तसंच टेकवलं जाऊ शकतं, हे डोक्यातच येत नाही. आधी आपलं बंद करा. बँकेच्या अॅपमध्ये कार्ड चालू-बंद करायची, आणि टेकवून भरणं, ऑनलाइन, एटीएम या प्रत्येकाची मर्यादा ठरवायची सोय असते. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० च्या परिपत्रकानं ती बँकांना बंधनकारक केली. तात्पुरतं बंद केलेलं कार्ड सापडल्यावर परत चालू होतं. कायमचं ब्लॉक केलं तर नवं मागवावं लागतं. मी घाबरून थेट ब्लॉक केलं आणि बारा दिवस बिनकार्डाची राहिले. पण मुहूर्त शोधत बसण्यापेक्षा ते बरं.

मग हातातल्या कार्डामागच्या नंबरावर फोन करा. ‘हे कार्ड माझं नाही, अदलाबदल होऊन माझ्याकडं आलंय, यावर चुकून खर्चही झालाय’ हे एका दमात सांगा. खर्चाचा भाग गाळायचा मोह होतो, मलाही झाला. ‘सापडलंय’ एवढंच सांगितलं आणि नंतर खर्च उघडा पडला, तर आधीच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. तक्रार क्रमांक मागा, वेळेसह लिहून ठेवा.

कार्डाचा फोटो काढून ‘कुणाचं आहे?’ म्हणून सोसायटीच्या किंवा भिशीच्या ग्रुपवर टाकणारी भली माणसं असतात. असं कधीच करू नका. अख्खा नंबर आणि मुदतीची तारीख शंभर मोबाइलवर जाते.

पावत्या आणि दुकानदार

कार्डाच्या पावतीवर शेवटचे चार आकडे, तारीख-वेळ, मशीनचा क्रमांक, मंजुरीचा क्रमांक आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. त्या संदर्भ क्रमांकावरून बँक व्यवहार नेमका शोधते. पावती उन्हात पिवळी पडते, अक्षरं उडतात. सोलापुरात गाडीच्या डिकीत ठेवली तर आठवडाही टिकत नाही. लगेच फोटो काढा.

चूक त्याच दिवशी, दुकानातच लक्षात आली, तर काम फार सोपं. दुकानदाराचं मशीन दिवसभराचे व्यवहार साठवतं आणि दिवसाअखेर हिशेब बँकेकडं पाठवतं. तो जाईपर्यंत तोच व्यवहार मशीनवरूनच रद्द करता येतो. एकदा हिशेब गेला की रद्द होत नाही, परतावा करावा लागतो. तो आला त्याच कार्डाच्या खात्यावर जातो आणि त्याला काही दिवस लागतात. तुम्ही मग तेच बिल रोखीनं किंवा स्वतःच्या खात्यातून भरायचं.

एक मात्र टाळा. ‘कार्डाचे पैसे कार्डावर राहू द्या, मला रोख द्या, मी त्या बाईला नेऊन देते’ असला व्यवहार दुकानदाराशी करू नका. कागदावर तो दुसऱ्याच्या कार्डातून रोख काढल्यासारखाच दिसतो.

माझ्या तिन्ही व्यवहारांचे हिशेब जाऊन चुकले होते. किराणावाले मामा ओळखीचे, ते परतावा करायला तयार होते. पंपावर ‘वरून होत नाही’ म्हणाले. मी तिन्ही ठिकाणी सांगून आले, बिलांच्या दुसऱ्या प्रती घेतल्या आणि बँकेत गेले. मामांना तेव्हाच थांबवलं ते बरं झालं. का, ते पुढं येईल.

शाखेत: तोंडी काहीही नाही

काउंटरवरची मुलगी कार्ड घेऊन ड्रॉवरमध्ये टाकणार होती. “ठीकये मॅडम, आम्ही बघतो.” असं कार्ड देऊन यायचं नाही. अर्ज दोन प्रतींत लिहा आणि एकीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. वेळ शिक्क्यात नसते, ती हातानं लिहून मागावी लागते. मागायला लाजू नका. अर्ज सरळ भाषेत असावा. माझा साधारण असा होता:

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस. अमुक तारखेला अमुक दुकानात बिल भरताना माझे कार्ड (शेवटचे चार आकडे …) आणि आपल्याच बँकेचे दुसरे कार्ड (शेवटचे चार आकडे …) यांची अदलाबदल झाली. दोन्हींवर नाव नसल्याने ते माझ्या लक्षात आले नाही. त्या कार्डावर माझ्याकडून पुढील तीन व्यवहार झाले: … एकूण ४,६०० रुपये. आज सकाळी ९.२० वाजता एटीएममध्ये पिन जुळला नाही तेव्हा चूक कळली. त्यानंतर कार्ड वापरलेले नाही. कार्ड आपल्या ताब्यात देत आहे. खातेदारांस कळवावे. पूर्ण रक्कम परत करण्यास मी तयार आहे. ती कोणत्या मार्गाने भरावी ते लेखी कळवावे.’

‘क्षमस्व’ लिहा हवं तर, पण ‘माझ्याकडून गुन्हा घडला’ असली वाक्यं भावनेच्या भरात लिहू नका. काय झालं, कधी झालं, आता काय करते, एवढंच.

खातेदाराचं नाव, फोन, पत्ता बँक तुम्हाला देणार नाही. रागावू नका, तुमचाही ती कुणाला देत नाही. तुमचा नंबर त्यांना द्यायला मात्र लेखी संमती द्या.

माझ्या प्रतीवर पोच पडली ११.४० ची.

पैसे नेमके कुणाचे गेलेत

इथं बहुतेकांची गल्लत होते. मनात एकच चित्र असतं: तिचे पैसे मी खर्च केले, तिला दिले की झालं. पण मधल्या काळात पैसे जागा बदलतात.

खातेदारानं ‘हे व्यवहार माझे नाहीत’ अशी तक्रार केली, की रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणं बँकेनं १० कामकाजी दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते, आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. रक्कम जमा झाली असेल तर त्या क्षणी तोटा बँकेकडं आहे. बँकेनं दुकानदाराकडून वसुली सुरू केली असेल तर तोटा दुकानदाराकडं सरकलाय. म्हणजे मी त्या बाईंना ४,६०० दिले असते, बँकेनंही दिले असते आणि मामांनी परतावाही केला असता, तर किराण्याचे पैसे तीन वाटांनी एकाच खात्यात. नंतर ते उलगडताना पुन्हा संशय माझ्यावरच.

म्हणून आधी शाखेत विचारा: तक्रार नोंदली गेलीय का, रक्कम जमा झालीय का, दुकानदाराचे पैसे अडकलेत का. उत्तर कळल्यावर पैसे भरा. खात्यातून खात्यात भरा, शेऱ्यात कारण लिहा. रोख नको.

‘ते कार्ड माझं होतं, पैसे या नंबरवर टाका’ असा फोन आला, तर शाखेत भेटू म्हणा. खरा मालक येतो.

आमच्या बाबतीत खातेदार निघाल्या अशोक चौकाकडच्या, तेलुगू बोलणाऱ्या एक आजी. खात्याचे मेसेज जायचे पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर. तो रात्रपाळी करून झोपलेला. बँकेनं फोन केले ते त्यानं ऐकलेच नाहीत. दुपारी दोनला उठून मेसेज बघितले आणि थेट १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

पोलिसांचा फोन आला तर

मंगळवारी आला. आधी खात्री करा की तो पोलिसांचाच आहे. व्हिडिओ कॉलवर बसायला सांगणारा, ओटीपी मागणारा, ‘प्रकरण मिटवायला’ पैसे टाकायला सांगणारा पोलीस नसतो. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. फोनवर फार न बोलता ठाणं आणि अंमलदाराचं नाव विचारा आणि स्वतः ठाण्यात जा.

जाताना पोच पडलेली प्रत, पावत्या, तक्रार क्रमांक आणि बस्त्याचं बिल असं सगळं दोन-दोन प्रतींत न्या. बस्त्याचं बिल फार कामाला आलं, कारण शनिवारी त्या दुकानात मी स्वतःच्या कार्डानं, पिन टाकून पैसे भरले होते, हे त्यावरून ठरलं. बरोबर कुणीतरी असू द्या, शक्य असेल तर वकील. लेखी नोटीस आली, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली, तर दिलेल्या तारखेला हजर राहा. नोटिशीप्रमाणं हजर राहणाऱ्याला सहसा अटक करत नाहीत, करायचीच तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. जबाब सही करण्याआधी पूर्ण वाचा. ‘चुकून’ हा शब्द गळला असेल तर घालायला लावा.

मला पडद्यावर किराणा दुकानातला माझा फोटो दाखवला. मे महिन्यातलं ऊन, डोक्यापासून नाकापर्यंत बांधलेला स्कार्फ, वर गॉगल, हातमोजे. बाहेर रस्त्यावर बघितलं तर दहातल्या आठ बायका तशाच. पण त्या चौकटीत मी अगदी सराईत दिसत होते. अंमलदारही हसले. त्यांनी पोचेवरची वेळ बघितली आणि तक्रारीची बघितली. ११.४० आणि दुपारी २. पुढचं बोलणं सोपं झालं.

कलमांबद्दल थोडं आणखी. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. दुसऱ्याचा पिन, पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी (66C) आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तिथंही हेतूच बघतात. पण ‘गुन्हा नाही’ म्हणजे ‘देणं नाही’ असं नव्हे. करार कायदा १८७२ च्या कलम ७० प्रमाणं दुसऱ्याच्या पैशानं आपला फायदा झाला आणि तो त्यानं फुकट दिलेला नव्हता, तर भरपाई द्यावी लागते. कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू ठेवणाऱ्यावर ती नीट सांभाळायची जबाबदारी येते. हेतू कितीही स्वच्छ असला तरी ४,६०० माझ्याच खिशातून जाणार होते, आणि गेले.

शुक्रवारी शाखेत व्यवस्थापकांसमोर आजी आणि त्यांचा मुलगा भेटले. बँकेनं रक्कम अजून जमा केली नव्हती, म्हणून मी तिथंच खात्यावर भरली. त्यांनी तक्रार मागं घेत असल्याचं लिहून दिलं, त्याची प्रत ठाण्यात नेऊन पुन्हा पोच घेतली. माझं कार्ड आजींच्या पिशवीत चुन्याच्या डबीखाली तसंच होतं, त्यांनी ते एकदाही वापरलेलं नव्हतं. आजी मुलाला तेलुगूत काहीतरी बोलल्या. तो म्हणाला, “आई म्हणतीय, बाई किराण्यात काय एवढं घेतली?”

घरच्या घरी होणाऱ्या अदलाबदली

या जास्त होतात आणि कुणी त्यांना चूकच समजत नाही. भावाच्या मोबाइलवरच्या अॅपमधून जेवण मागवताना त्याचं साठवलेलं कार्ड निवडलं जातं. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानं-अॅपं कार्डाचा खरा नंबर ठेवू शकत नाहीत, त्याऐवजी सांकेतिक टोकन ठेवतात, पण निवडताना दिसतात ते तेच शेवटचे चार आकडे. इथं पैसे देऊन टाकावेत. ‘हा व्यवहार माझा नाही’ अशी तक्रार मात्र भावाला करू देऊ नका, ती खोटी ठरेल.

बायकोचं कार्ड नवरा घेऊन जातो, पिनसकट. बंगळुरूत २०१३ मध्ये बाळंतपणाच्या रजेवरच्या एका बाईनं नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन २५,००० काढायला पाठवलं. पैसे बाहेर आले नाहीत, खात्यातून मात्र वजा झाले. प्रकरण ग्राहक मंचात गेलं आणि मंचानं बँकेच्या बाजूनं निकाल दिला, कारण पिन दुसऱ्याला सांगितला होता. नवरा असला तरी बँकेच्या लेखी तो दुसराच.

सगळ्यात अवघड, गेलेल्या माणसाचं कार्ड. वडील जातात, दिवसकार्याला पैसे लागतात, पिन घरात सगळ्यांना माहीत असतो. पैसे काढू नका. माणूस गेल्याचं बँकेला कळवून नामनिर्देशिताचा किंवा वारसांचा दावा करायचा, हाच रस्ता. नामनिर्देशित माणूसही ते पैसे वारसांच्या वतीनं घेतो, आपोआप मालक होत नाही. आणि पेन्शनचं खातं असेल तर मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते परत मागितले जातात, तेव्हा कार्डानं कुणी आणि कधी काढले याची चौकशी होते. दुःखात केलेली ही गोष्ट भावंडांच्या वाटणीत फार वाईट रूप घेऊन परत येते. आमच्या गल्लीत बघितलंय.

उलट बाजू: कार्ड तुमचं असेल तर

तुमच्या कार्डावर दुसऱ्याचा खर्च दिसला तर आधी बंद करा, मग बँकेला कळवा, तक्रार क्रमांक घ्या. चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही, असं त्याच २०१७ च्या परिपत्रकात आहे. उशीर झाला की जबाबदारी वाढत जाते, आणि स्वतःच्या निष्काळजीपणानं झालेला, कळवण्याआधीचा तोटा तुमच्याच माथी. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. आणि समोरचा माणूस आपणहून, कागद घेऊन आला असेल, तर एकदा त्याचं ऐका.

मेसेज दुसऱ्याच्या मोबाइलवर जात असतील तर ते आजच बदला. मला मेसेज आले नाहीत हीच खरी खूण होती. तीनदा पैसे भरले आणि माझा मोबाइल एकदाही वाजला नाही. मी समजले, रेंज नसेल.

आता टेकवून भरायची मर्यादा मी १,००० वर आणलीय. मशीन माझ्यासमोर येतं, कार्ड मी कुणाच्या हातात देत नाही, ‘ताई द्या की इकडं’ म्हटलं तरी. चार आकडे पाठ आहेत. आणि कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. ठिपका लावाल तर पुढच्या बाजूला लावा, चिपपासून आणि मागच्या काळ्या पट्टीपासून लांब, आणि पातळ. जाड थर झाला तर एटीएमच्या फटीत कार्ड अडकेल.